उणे

त्याचं खरं आडनाव चारचौघांसारखं आहे, पण ऑफिसात सगळे त्याला उणे म्हणतात. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, बदल सुचवायचा तर पॅच लिहावा लागतो. वाढवलेल्या ओळीच्या आधी अधिकचं चिन्ह, काढलेल्या ओळीच्या आधी उण्याचं, आणि माथ्यावर हिशेब: इतक्या ओळी आल्या, इतक्या गेल्या. आम्हा बाकीच्यांचे पॅच श्रावणातल्या सिंहगडासारखे हिरवेगार असतात. याचा पॅच उघडला की स्क्रीन लालभडक. चारशे बारा ओळी उणे, तीन अधिक. त्या तीन अधिक ओळींचीही त्याला दोन दिवस रुखरुख लागलेली असते.

वर्षअखेरीला आमच्याकडे कामगिरीचा फॉर्म भरायचा असतो. त्यात ‘यंदा किती कोड लिहिला’ असा एक रकाना आहे. उण्यानं एके वर्षी तिथे प्रामाणिकपणे ‘वजा अडीच हजार’ असं भरलं. फॉर्म ते घेईना. आकडा शून्याहून मोठा हवा म्हणाला. दुसरा कोणी असता तर वजाचं चिन्ह गाळून बढती घेऊन मोकळा झाला असता. उणे तडक फॉर्म बनवणाऱ्या मुलाकडे गेला आणि म्हणाला, “तुझ्या फॉर्ममध्ये सतरा रकाने आहेत. त्यातले अकरा कोणी वाचत नाही. काढून टाकायला मदत करू?”

मुलानं त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावर बदली मागून घेतली.

उणे काम करतो तो लिनक्स कर्नलच्या मेमरी-व्यवस्थापनात. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स नावाच्या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्यानं हे कर्नल छंद म्हणून लिहायला घेतलं, तेव्हा ते दहाएक हजार ओळींचं होतं. एका बिऱ्हाडाचा संसार. आज ते तीन कोटी ओळींच्या पुढे गेलं आहे, आणि तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनपासून महासंगणकापर्यंत सगळीकडे नांदतं आहे. एवढा गोतावळा म्हटल्यावर माळ्यावर काय काय साठलं असेल, हे वाड्यात वाढलेल्या माणसाला सांगायला नको.

आणि मेमरी-व्यवस्थापन म्हणजे आळंदीतली धर्मशाळा, तीही ऐन कार्तिकी एकादशीची. खोल्या ठरलेल्या, बहुतेक मशीनवर एकेक ४ केबीची. या खोलीला पेज म्हणतात. येणारा प्रत्येक प्रोग्राम दारातूनच ओरडतो, “आमची शंभर माणसं आहेत!” व्यवस्थापक मान डोलावतो, कारण त्यातले चाळीसच येणार हे त्याला अनुभवानं ठाऊक असतं. जे फार वेळ घोरत पडलेत त्यांची वळकटी गुंडाळून मागच्या गोदामात, म्हणजे डिस्कवर, टाकायची. आणि शंभरच्या शंभर खरोखरच उगवले तर कुणाला तरी उचलून बाहेर काढायचं. त्यासाठी एक पहिलवान पोसलेला असतो, त्याचं नाव ओओएम किलर.

प्रत्येक खोलीमागे रजिस्टरात एक नोंद लागते. ती साधारण ६४ बाइटांची असते. १६ जीबीच्या मशीनमध्ये अशा बेचाळीस लाखांच्या आसपास खोल्या भरतात. म्हणजे एकही वारकरी आत यायच्या आधी २५६ एमबी नुसत्या रजिस्टरात गेले. त्या नोंदीत कुणी आठ बाइटांचा एक रकाना वाढवला, की आणखी ३२ एमबी गेले. फॉर्मातले अकरा रकाने उण्याच्या डोक्यात का जातात, ते मला हा हिशेब कळल्यावर उमगलं.

पण न वापरलेला कोड मेमरी खातो म्हणून तो काढत असेल, असा जो माझा समज होता, तो त्यानं ऑफिसखालच्या टपरीवर एका कटिंगमध्ये उतरवला.

“मेमरी कितीशी खातो? चिमूटभर. बरेचदा तर तो बांधलाही जात नाही. तो लक्ष खातो.”

“लक्ष?”

“२०२२च्या जानेवारीत कर्नलचं ५.१६ आलं. त्यात फोलिओ आला. चार-आठ-सोळा पेजेसच्या जुडग्याला एक म्हणून वागवायची नवी पद्धत. चांगली पद्धत. पण जुनं सगळं नव्यात बसवायचं म्हणजे हजारो ठिकाणी हात लावायचा. घरात लग्न निघालं की सगळ्यांना कपडे शिवतात ना, तसं. शिंपी दारात बसलेला. आणि घरात अशी प्रथा, की भिंतीवरच्या तसबिरीतल्या पणजोबांचंही माप घ्यायचं. त्यांना सदरा शिवायचा, घालून बघायचा, काखेत होतोय का विचारायचं.” चहाचा घोट घेऊन तो म्हणाला, “मी फक्त शिंपी यायच्या आधी तसबिरी उतरवतो.”

त्याच्या आवडत्या तसबिरीचं नाव क्लीनकॅश. ती कथा तो कीर्तनकाराच्या थाटात सांगतो, आणि सांगताना कप रिकामा झालेला त्याच्या लक्षात येत नाही. डिस्कवरून वाचून आणलेलं एखादं पेज जागेच्या टंचाईत फेकून द्यायची वेळ आली, की फेकण्याआधी शेजाऱ्याला विचारायचं, “ठेवता का? पुन्हा लागलं तर मागायला येऊ.” शेजाऱ्यानं ठेवलं तर डिस्कपर्यंतची पायपीट वाचली. २०११ साली ३.० मध्ये ही सोय आली. निरनिराळ्या फाइल सिस्टिमना तशा सूचना गेल्या, ठिकठिकाणी विचारणा करणाऱ्या ओळी बसल्या. शेजारी म्हणजे मुख्यतः झेन या हायपरवायझरसाठीचा टीमेम नावाचा एक ड्रायव्हर. पुढे त्याचंच काम कुणाला लागेना. २०१९ मध्ये तो काढला गेला. शेजारी बिऱ्हाड हलवून गेला आणि इकडची मंडळी रोज त्याच्या बंद दारावर टकटक करत राहिली. “ठेवता का?” उत्तर नाही. “बरं, टाकतो.” पुन्हा पुढच्या पेजच्या वेळी, “ठेवता का?”

“किती दिवस?”

“२०२२ मध्ये ५.१७ येईपर्यंत. मग कुणीतरी अख्खंच काढलं.” तो कुणीतरी आपण नव्हतो याचं शल्य त्याच्या चेहऱ्यावर अजून ताजं असतं.

कर्नलचा यातला नियम साधा आहे. जो कोड कर्नलच्याच झाडात, म्हणजे त्याच्या मूळ कोडसंग्रहात, दुसरं कोणी वापरत नाही, त्याला घरात जागा नाही. बाहेरच्या कुणा कंपनीनं आपल्या खासगी ड्रायव्हरसाठी वापरला असेल, तर ते त्यांचं त्यांनी बघावं. पण ‘वापरत नाही’ हे सिद्ध करणं मुलीसाठी स्थळ बघण्याइतकं नाजूक काम आहे. नुसतं वरवर विचारून भागत नाही.

आधी उणे ग्रेप मारतो, म्हणजे सगळ्या झाडात त्या नावाचा शोध घेतो. एकही हाक सापडली नाही तर नवशिका उठून नाचेल. उणे तिथे दाराला कडी लावतो आणि खऱ्या चौकशीला बसतो. कर्नलमध्ये काही नावं अख्खी लिहिलेलीच नसतात. अर्धं इथे, अर्धं तिथे, आणि बांधणीच्या वेळी एखादा मॅक्रो दोन्ही तुकडे चिकटवतो. शोधणाऱ्याला ते जन्मात सापडत नाही. शिवाय कर्नल वीसेक जातींच्या प्रोसेसरांवर चालतं. आपल्या मशीनवर मृत वाटणारं फंक्शन आयबीएमच्या मेनफ्रेमवर धडधाकट नोकरी करत असतं, किंवा कुठल्या तरी हौशी माणसाच्या माजघरातल्या अमिगावर. होय, अमिगाच्या त्या मोटोरोला प्रोसेसरवरही आजचं कर्नल चालतं. अमिगावाल्यांशी उणे अदबीनं वागतो. भाऊबंदांतला एकच म्हातारा हयात असावा आणि सातबारावर सही त्याचीच लागावी, असं ते नातं आहे.

मग तो वंशावळ काढतो. ही ओळ कुणी घातली, कधी घातली, कशासाठी? बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटला विचारलं की गिट सांगतो. पण बऱ्याच जुन्या ओळींचा माग एप्रिल २००५ला जाऊन थांबतो. टोरवाल्ड्सनं त्या महिन्यात गिट लिहिलं आणि कर्नलची २.६.१२च्या उंबरठ्यावरची प्रत, मागच्या इतिहासाशिवाय, त्यात ठेवली. आमच्या कुळवृत्तांतात नाही का, ‘मूळ पुरुष कोकणातून वर आले’ या वाक्यापलीकडे काही नसतं? त्याआधीचं शोधायला उणे जुन्या आवृत्त्यांच्या पोथ्या उघडतो. तीन ओळी काढण्यासाठी तीन दिवस. चौथ्या दिवशी त्याला त्या तीन ओळींबद्दल जे माहीत असतं, ते लिहिणाऱ्यालाही लिहिताना माहीत नसावं.

पॅच पाठवला की पुढचा भाग श्राद्धाचा. एक यंत्रमानव तो पॅच नाना जातींच्या प्रोसेसरांसाठी, नाना खटके चालू-बंद करून बांधून बघतो आणि कुठे मोडलं तर पहाटे तीनला पत्र लिहितो. माणसं वाचतात, तपासल्याचा शेरा देतात. मेमरीची गादी वर्षानुवर्षं अँड्र्यू मॉर्टन सांभाळतात. त्यांनी पॅच उचलला की तो आधी लिनक्स-नेक्स्ट नावाच्या ओसरीवर बसतो. तिथे काही आठवडे पिंड ठेवून वाट बघायची. कारण टोरवाल्ड्सचा दंडक असा, की लोकांच्या मशीनवर काल चालणारा प्रोग्राम आज आपल्यामुळे बंद पडता कामा नये. जगात कुठेही एकाचा जरी पडला, तरी पॅच परत. म्हणून उणे त्या काळात कुणाशी धड बोलत नाही. कावळा शिवला की मोकळा. शिवत नसेल तर समजायचं, कुणाची तरी इच्छा त्या कोडात अडकलेली आहे.

घरी त्याची ख्याती काय असेल, हे मी विचारायला नको होतं. पण मी विचारलं, आणि वहिनींनी सांगितलं.

पहिली गोष्ट स्लॅबची. कर्नलला स्वतःच्या बारीकसारीक वस्तूंसाठी जागा वाटून देणारे तीन कारकून होते: स्लॅब, स्लॉब आणि स्लब. थोरला स्लॅब, त्याची मूळ कल्पना सनच्या जेफ बॉनविकची, १९९४ची. स्लॉब २००६चा, छोट्या यंत्रांसाठी काटकसरी. स्लब २००७चा, आणि पुढे सगळं घर त्यानंच चालवलं. एका कामाला तीन कारकून म्हटल्यावर उण्याला झोप कशी लागणार? २०२३ मध्ये स्लॉब निघाला. २०२४च्या मार्चमध्ये ६.८ आलं, त्यात थोरलाही गेला. काढणारे दुसरेच होते, पण उण्याला आनंद घरच्या कार्याइतका झाला. दारातूनच ओरडला, “आई, स्लॅब पाडला!”

आई आधी छताकडे बघत्या झाल्या, मग देवांकडे. शेजारच्या काकांनी दार उघडून पुनर्विकासाचं पत्र आलं का, म्हणून विचारलं. सोसायटीच्या गटात तो निरोप रात्री साडेअकरापर्यंत फिरत होता.

दुसरी गोष्ट घंगाळाची. माळ्यावर एक तांब्याचं जंगी घंगाळ होतं. उण्यानं ते हेरलं आणि रीतसर चौकशी सुरू केली. बायकोला विचारलं, “घंगाळ वापरतेस?” ती नाही म्हणाली. मुलीला विचारलं. तिला घंगाळ म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. कामवाल्या मावशींना विचारलं. शेवटी आईला विचारलं, तर त्या म्हणाल्या, “घंगाळ? आपल्याकडे कुठलं आलंय घंगाळ?” याहून स्वच्छ पुरावा कुठला हवा? उणे रविवारी सकाळी तांबट आळीत गेला आणि घंगाळ मोडीत देऊन आला.

नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला उटणं कालवून झाल्यावर आईंनी हाक मारली, “अरे, ते आजीचं मोठं तेवढं काढून दे रे माळ्यावरून.”

“आजीचं मोठं काय?”

“मोठं काय म्हणजे? आजीचं मोठं! दर वर्षी त्यातच नाही का पाणी काढत?”

उणे अंगाला तेल लावलेल्या अवस्थेत माळ्याखाली उभा राहिला. घरात साठ वर्षं त्या वस्तूला कुणी घंगाळ म्हटलंच नव्हतं. नाव बांधणीच्या वेळी, पहाटे साडेचारला, दोन तुकडे चिकटवून तयार होत होतं. वापर वर्षातून एकदा. आणि वापरणारी व्यक्ती अशी, की जिच्या बाबतीत टोरवाल्ड्सचा दंडकही फिका पडावा.

त्या वर्षी अभ्यंगस्नान प्लॅस्टिकच्या बादलीतून झालं. भाऊबीज उलटल्यावर उणे पुन्हा तांबट आळीत गेला. घंगाळ सुदैवानं वितळलं नव्हतं. मोडीच्या भावानं गेलेलं, नव्याच्या भावानं परत आलं. याला आमच्याकडे रिव्हर्ट म्हणतात. आईंनी वेगळा शब्द वापरला. तेव्हापासून उणे घरातली वस्तू काढायची झाली तर तिचं नाव विचारत नाही. वस्तूच उचलून आईंसमोर नेऊन ठेवतो आणि दोन पावलं मागे उभा राहतो.

तो निर्दय आहे, असं ऑफिसातल्या नव्या पोरांना वाटतं. मला तसं वाटेनासं झालं ते ३८६मुळे. इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर तर टोरवाल्ड्सनं सुरुवात केली. संसार मांडला तो त्याच चुलीवर. पण त्या प्रोसेसरला एक खोड होती. पेजवर ‘येथे लिहू नये’ अशी पाटी लावली, तर साधे प्रोग्राम ती निमूट पाळत, पण खुद्द कर्नल लिहायला आलं की ३८६ पाटीकडे ढुंकून बघत नसे. पुण्यात हे खपलं नसतं. मग प्रत्येक वेळी लिहिण्याआधी पाटी आहे का, हे कर्नलनं स्वतःच वाकून बघायचं, त्यासाठी वेगळा कोड. ४८६ आला आणि पाटी कर्नलसाठीही पाळायची सोय प्रोसेसरातच झाली, तरी ३८६पायी तो कोड वर्षानुवर्षं पडून होता. शेवटी २०१२च्या डिसेंबरात ठरलं, आणि पुढच्या फेब्रुवारीत ३.८ आलं ते ३८६ला निरोप देऊनच.

“ज्याच्यावर जन्म झाला, त्यालाच काढलं?” मी म्हणालो.

“त्यालाही काढलं,” उणे म्हणाला. मग बोटांवर मोजत त्या प्रोसेसरच्या एकेक खोडी सांगायला लागला. ही कुठल्या सालची, तिच्यावर उपाय कुणी काढला, तो उपाय पुढे कुठे नडला. चहावाल्यानं शटर अर्धं ओढलं तरी याचं चालूच. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की कर्नलमधून जे जे गेलं त्याची साग्रसंगीत माहिती आमच्या इमारतीत फक्त या एका माणसापाशी आहे. आम्ही लिहिणारे लिहून विसरतो. श्राद्ध घालणाऱ्याला मात्र तीन पिढ्यांची नावं पाठ असावी लागतात.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटात नवी आलेली एक मुलगी लॅपटॉप छातीशी धरून उण्याच्या टेबलापाशी आली. “सर, एक लहानसा पॅच आहे. पाठवायच्या आधी बघाल?”

अडतीस ओळी उणे, अधिक एकही नाही. मी मागून डोकावलो आणि चपापलो. काढलेलं फंक्शन उण्याचं होतं. चौदा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या वर्षी, तोही आमच्यासारखा हिरव्या पंथातला असताना लिहिलेलं. कर्नलमध्ये त्यानं स्वतः भर घातलेली बहुधा तेवढीच एक गोष्ट. मुलीला ते ठाऊक असावं, कारण वंशावळ बघितल्याशिवाय पॅच आणायचा नाही हे तिला उण्यानंच शिकवलं होतं. ती दोन पावलं मागे उभी होती, आईंसमोर वस्तू ठेवल्यावर तो राहतो तशी.

उण्यानं पॅच वाचला. पुन्हा वाचला. चष्मा पुसला. आजूबाजूच्या चार टेबलांवरची टंकटंक थांबली.

“पॅच चुकलाय,” तो म्हणाला.

मुलीचा चेहरा उतरला. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, चला, शेवटी हाही माणूसच.

“फंक्शन काढलंस, पण हेडरमधली घोषणा तशीच आहे. आणि शेजारच्या फाइलीत एक टिप्पणी आहे, ‘असं का केलंय ते अमुक फंक्शनमध्ये पाहा’ म्हणून. उद्या कुणी तिथे पाहायला गेला तर काय पाहील? माझं कपाळ? काढायचं तर मुळासकट काढ.”

संध्याकाळी तिनं सुधारलेला पॅच आणला. बेचाळीस ओळी उणे. उण्यानं त्याखाली तपासल्याचा शेरा दिला, आपलं नाव घातलं, आणि आम्ही टपरीवर उतरलो. पाऊस नुकता थांबला होता. बराच वेळ तो काहीच बोलला नाही. शेवटी मीच विचारलं,

“वाईट वाटलं?”

“वाटलं तर,” तो म्हणाला. “शेवटचा वापरणारा जाऊन दोन वर्षं झाली होती. रोज त्याच्यावरून ये-जा करतोय आणि मला दिसलं नाही, बघ.”